मी स्थळं आणायचो

मी 'स्थळ' बोलतोय. दचकू नका, पोहे भिजत घालू नका. मी नवरा मुलगा नाही. मी कॉम्प्युटरचा एक प्रोग्राम आहे, एक्केचाळीस ओळींचा, पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेला. मुलीसाठी स्थळ बघायला माणसं गावोगाव हिंडतात, मी टेलिफोनच्या तारेतून हिंडायचो. दूरच्या कॉम्प्युटरवरचं पान उचलायचं, त्याच्या अंगावरचे झगमगीत कपडे उतरवायचे, साधे धुवट कपडे चढवायचे आणि गेवराईच्या पडद्यावर नीट आणून बसवायचं, एवढंच माझं काम. पण त्या एवढ्याशा कामात मी काय गोंधळ घातला म्हणून सांगू!

माझा जन्म गेवराईचाच. २००३ सालची संक्रांत नुकतीच झाली होती. मल्लिकार्जुनआप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि त्याच्या मागच्या खोलीत त्यांच्या मुलीनं, रुचिकानं, तीन कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे थाटला होता. ती औरंगाबादला कॉम्प्युटर शिकून आली होती. पोरांचे अर्ज भरून दे, कुणाचा ईमेल वाचून दाखव, असं तिचं दिवसभर चालायचं. आप्पांनी परवानगी दिली होती, पण एका अटीवर.

"लगीन ठरंस्तोवर चालव," ते म्हणाले होते, "मंग कुलूप."

आप्पांना कुलपाची घाई होती. रुचिकाला नव्हती.

अशात आप्पांना कुणीतरी सांगितलं की आपल्या लिंगायत समाजातल्या मुलांची एक वेबसाइट निघाली आहे, घरबसल्या सगळी स्थळं बघता येतात. आप्पा लगेच मागच्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले, चष्मा चढवला. रुचिकानं पान उघडलं. आणि काय सांगू, गुलाबी कागदावर फिक्या गुलाबी रंगात इंग्रजी अक्षरं, चारी बाजूंनी गरगर फिरणारे गुलाब, आणि वर सनई! दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावून गेलं, कुणाचं लग्न लागलं म्हणून.

"हे वाचायचं का वाजवायचं गं?" आप्पांनी विचारलं.

त्याच दुपारी, कॅफेत कुणी नसताना, रुचिकानं मला लिहायला घेतलं. पहिल्या नंबरच्या कॉम्प्युटरवर माझं बस्तान बसलं. तिथूनच मी रोज सकाळी दहाला निघायचो. फोनची तार किंचाळायची, कुरकुरायची, मग वाट मोकळी व्हायची. मी त्या वेबसाइटच्या दारात जायचो आणि रिवाजाप्रमाणे नाव सांगायचो: 'रुचिका, गेवराई.' ती ओळ तिनंच घातली होती. लपूनछपून जायचं नाही, असं तिचं म्हणणं. एकेक पान घ्यायचं, गुलाब आणि सनई तिकडंच ठेवायची, नुसता मजकूर घेऊन परत. दहा-बारा मिनिटांत एकशे सदतीस मुलं. मग पांढऱ्यावर काळं, ठळक, मोठं मराठी अक्षर. सगळ्यात खाली एक ओळ: एकूण स्थळं, एकशे सदतीस.

मराठी मला कसं येतं? तर रुचिकानं मला एक शब्दांची यादी दिली होती. अमुक इंग्रजी शब्द आला की तमुक मराठी शब्द लिहायचा. यादीत नसलेला शब्द आला, तर एकेक अक्षर जोडून जसा जमेल तसा उच्चार लिहायचा. ही यादी तिनं घाईघाईत एका कोशातून उतरवली होती, आणि मला तर अक्कल नाहीच. दिलं ते लिहिलं.

पहिल्या दिवशी आप्पा मोठ्यानं वाचायला लागले. शेजारी रुचिकाची आई, नीलम्मा, शेंगा सोलत बसली होती.

"शिक्षण, बी.कॉम. उंची, पाच फूट सात. रंग…" आप्पा थांबले. "रंग, जत्रा?"

"जत्रा?"

"जत्राच लिवलंय. आन वडील, उशिरा."

"दुकान आसंल त्यांचं," नीलम्मा म्हणाली. "उशीरच हुतो घरी यायला."

"अगं, सगळ्यांचेच न्हाईत. ह्या सात-आठ पोरांचेच वडील उशिरा. बाकीच्यांचे येळेवर!"

रुचिकाच्या लक्षात आलं आणि ती टेबलाखाली गेली. हसू आवरेना. 'फेअर' म्हणजे गोरा, पण कोशात जत्राही होती. आणि 'लेट' म्हणजे वारलेले, पण मी सरळ उशिरा म्हणून मोकळा झालो होतो. तिनं माझी यादी दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी त्या सात-आठ मुलांच्या वडिलांपुढं 'लिंगैक्य' आलं. आप्पांनी हात जोडले आणि म्हणाले, "काल मी बिचाऱ्यांच्या उशिराला बोल लावला."

तर असे आमचे दिवस मजेत चालले होते. पण रोज तीच एकशे सदतीस पानं बघता बघता रुचिकाचं हसू कमी व्हायला लागलं. प्रत्येक पानाच्या शेवटी एक रकाना होता, अपेक्षा. आप्पा तिथवर पोचेस्तोवर थकलेले असायचे, ते वाचायचे नाहीत. ती वाचायची. घरगुती मुलगी हवी. नोकरी नको. घर सांभाळणारी. घराबाहेर न पडणारी. कुणी कसं लिहिलं, कुणी कसं, पण मथितार्थ एकच. मुलं वाईट नव्हती. कुणी वकील, कुणी शिक्षक, एक तर स्वतः कॉम्प्युटरच शिकवायचा. आणि त्यालाही घरीच राहणारी हवी होती.

एका दुपारी तिनं मला उघडलं. मग माझ्या पोटात चार ओळी वाढवल्या. अपेक्षेच्या रकान्यात असे शब्द दिसले, की ते पान आणायचंच नाही. तिकडंच सोडून यायचं.

मी काही खोटं बोललो नाही, हं. मी फक्त गाळलं. पण खरं सांगतो, गाळणं आणि खोटं बोलणं यांच्यातला फरक मला त्या वेळी कुणी विचारला असता, तर मला सांगता आला नसता.

दुसऱ्या दिवशी दहाला मी अकरा मुलं आणली. आप्पा पडद्याकडं बघतच राहिले.

"काल एकशे सदतीस हुती. आज अकरा?"

"लग्नसराई आलीय ना आप्पा," रुचिका दुसरीकडं बघत म्हणाली. "ठरली असतील लोकांची."

झालं भलतंच. तिला वाटलं होतं, आप्पा नाराज होतील आणि हा नाद सोडतील. पण आप्पा कापडवाले! गाठोड्यातली शेवटची अकरा लुगडी उरली म्हटल्यावर गिऱ्हाईक कसं झडप घालतं, ते त्यांना पुरतं ठाऊक. "आगं, माल संपाय लागला की!" असं ओरडत ते बाहेर धावले, फोन उचलला, आणि त्या अकरांतल्या उदगीरच्या एका मुलाच्या घरी बोलून येत्या रविवारचा पाहण्याचा कार्यक्रम ठरवूनही टाकला. रुचिका तोंडावर हात ठेवून उभी.

आणखी एक गंमत झाली. अकराच उरल्यामुळं आप्पांना शेवटच्या रकान्यापर्यंत वाचायला वेळ मिळाला. कुणाला नोकरी करणारी चालेल, कुणाला शिकलेली हवी, कुणाला व्यवहार बघणारी हवी. आप्पा थक्क झाले. बाजारातल्या मित्रांना सांगत सुटले, "जमाना बदलला भाऊ! आजकाल घरी बसणारी पोरगी कुनालाच नको हाय. मी येकन् येक पोरगा वाचून बघितलाय." त्या आनंदात त्यांनी कॅफेसाठी नवी पाटीही रंगवून आणली. मुलीचं नाव मोठ्या अक्षरात.

इकडं मी मजेत. रोज दहाला जा, अकरा मुलं घेऊन ये. मला काय माहीत, की तिकडं कुणीतरी माझी वाट बघत बसलंय!

गुरुवारची सकाळ. मी नेहमीसारखा गेलो, नाव सांगितलं, पानं उचलली. पण त्या दिवशी प्रत्येक पानावर एकच ओळ होती. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. माझ्या यादीत त्यातला एकही शब्द नव्हता, म्हणून मी आपला अक्षराला अक्षर जोडत गेलो आणि नावाच्या रकान्यात ठळक लिहून टाकलं.

आप्पा वाचायला लागले. "नाव, चोरुन पाने नेनार्याला एथे स्थळ मिळनार नाही." ते थांबले. "लई लांब नाव हाय ह्या पोराचं."

पुढचा मुलगा बघितला, त्याचंही तेच नाव. त्याच्या पुढचा, तोच. आप्पा खाली खाली गेले. कुठंच 'घरगुती' नाही, 'नोकरी नको' नाही, मग मी गाळणार तरी काय? होती नव्हती ती सगळी पानं आणली होती. शेवटी आप्पा माझ्या तळाच्या ओळीवर पोचले.

"एकूण स्थळं, एकशे सदतीस."

आप्पांनी चष्मा काढला.

"रुचे, काल तर अकरा हुते. हे बाकीचे कुठं गेलते?"

रुचिकानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा दाराकडं. मग खरं काय ते सांगून टाकलं. सगळं. सांगून झाल्यावर तिनं मला बाजूला ठेवलं आणि ते गुलाबी पान जसंच्या तसं उघडलं, सनईसकट. चोराची ती ओळ फक्त 'रुचिका, गेवराई' असं नाव सांगून येणाऱ्यापुरती होती, साध्या वाटेनं गेलं की पानं पहिल्यासारखीच. गाळलेल्यांतला एकेक मुलगा काढून त्याची शेवटची ओळ ती मराठीत वाचत गेली. घरी राहणारी. बाहेर न जाणारी. नोकरी सोडणारी. वर सनई वाजतेय आणि खाली ती वाचतेय. वीसेक झाल्यावर आप्पांनी हात वर केला.

"बस."

दाराशी नीलम्मा उभी होती. ती म्हणाली, "एवढ्या पोरींला घरी बसवून ही पोरं घरात गर्दी कावून करायलीत?"

आप्पांना हसू फुटलं. नको तेव्हा फुटलं, पण फुटलं. रुचिका रडत होती, तीही हसली. मग आप्पा म्हणाले, "हे बघ. कापडाचं डागी थान मी बी गिऱ्हाइकापुढं ठेवत न्हाई. पर त्यानं इचारलं, तर हाय म्हणून सांगतो. तू गाळ. माझं काई म्हणणं न्हाई. पर गाळलं म्हणून लिव खाली."

तेव्हापासून माझ्या तळाशी दोन ओळी झाल्या. आणलेली स्थळं, अकरा. गाळलेली स्थळं, एकशे सव्वीस. खरं सांगतो, त्या दिवशी मला हलकं हलकं वाटलं.

पण चोरीचा आळ राहिलाच होता. तो कुणी घातला, ते कळेना. रुचिकानं ते गुलाबी पान पिंजून काढलं, तेव्हा एका फिरत्या गुलाबाच्या मागं ईमेलचा पत्ता सापडला. तिनं लिहिलं, मी चोर नाही, वडलांना वाचता यावं म्हणून पानं आणते, तुम्हाला विचारायला हवं होतं, चुकलं. उत्तर आलं नाही.

शनिवारी बरोबर दहाला एक माणूस कॅफेच्या दारात उभा राहिला. तिशीच्या आतबाहेरचा, कपाळावर इबत्ती, म्हणजे भस्माचे पट्टे, खांद्यावर पिशवी, अंगावर एसटीची धूळ.

"रोज दहाला येतो तो चोर हाच का इथला?" त्यानं विचारलं.

त्याचं नाव अमरनाथ. कडा गावच्या साखर कारखान्यात तो प्रयोगशाळेत काम करायचा आणि उरलेल्या वेळात ती वेबसाइट चालवायचा. बहिणीचं लग्न जमवताना वडलांची झालेली फरफट बघून त्यानं ती काढली होती. कोण कधी येऊन काय बघून गेलं, याची नोंद त्याच्याकडं व्हायची. रोज दहाला गेवराईहून कुणीतरी येतं आणि दहा मिनिटांत सगळी मुलं बघून जातं, हे त्यानं महिनाभर बघितलं होतं.

"दहा मिन्टात एकशे सदतीस पोरं बघणारी मुलगी मी तरी न्हाई बघितली," तो म्हणाला. "मला वाटलं, कुणीतरी माहिती उचलून विकतंय. लोकांनी माझ्या भरवशावर घरची माहिती दिलीय."

"विकत नाही," रुचिका म्हणाली. "बघा ना तुम्हीच." आणि तिनं मला उघडून त्याच्यासमोर ठेवलं.

त्याच्या आधी मला तिच्याशिवाय कुणीच वाचलं नव्हतं. तो ओळीवर बोट ठेवून वाचत गेला. शब्दांच्या यादीपाशी आला. तिथं रुचिकानं स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती: 'लेट म्हणजे उशिरा नव्हे!!' तो हसायला लागला तो थांबेचना. खुर्ची धरून हसला. मग त्यानं मी मांडलेलं पान बघितलं, पांढऱ्यावर काळं, आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"माझं पान हे असं दिसू शकतं?"

"गुलाब काढले की दिसतं."

"ते गुलाब फिरवायला मला तीन आठवडे लागलेत," तो पडेल आवाजात म्हणाला. आता हसायची पाळी हिची होती.

नेमके तेव्हाच आप्पा आत आले. बघतात तर काय, नीटस मुलगा, कपाळावर इबत्ती, समोर रुचिका हसतेय. त्यांची समजूत झाली, उदगीरचा मुलगा एक दिवस आधीच आला! ते घाईनं हात जोडून म्हणाले, "शरणार्थी, शरणार्थी! बसा! आगं, सुशीला कर, पाहुणे आलेत!" आणि नीलम्मानं खरंच मुरमुरे भिजवून सुशीला फोडणीला टाकला. बशी हातात येईपर्यंत अमरनाथला काही कळलंच नाही. त्याला वाटलं, चोरीची भरपाई म्हणून पाहुणचार चाललाय.

आप्पा समोर बसले. "मंग, आपली अपेक्षा काय?"

अमरनाथनं प्रामाणिकपणे सांगितलं, "माझी एकच. न्यायच्या आधी एकदा विचारावं. बस."

आप्पांचे डोळे भरून आले. आयुष्यात त्यांनी असं उत्तर ऐकलं नव्हतं. "आन… पोरीनं ह्ये कॉम्प्युटरचं काम चालू ठेवलं तर?"

"चालू ठेवलंच पाहिजे! माझं तर म्हणणं हाय, त्यांनी कड्याला येऊन माझं सगळंच नीट करून द्यावं."

आप्पांनी उठून त्याला मिठीच मारली. सुशीला सांडला. रुचिका मॉनिटरच्या मागं गेली आणि तिथून नुसता तिचा हसण्याचा आवाज येत राहिला. शेवटी तिनंच डोळे पुसत सांगितलं, "आप्पा, हे उदगीरचे नाहीत. हे वेबसाइटवाले."

मिठी सुटली. अमरनाथ लालबुंद. आप्पा त्याला वरून खाली न्याहाळत राहिले.

"लगीन झालंय?"

"न्हाई."

"मंग यादीत कावून न्हाईत तुमी? मी येकन् येक पोरगा वाचलाय."

"यादी मीच करतो ना," तो पुटपुटला. "स्वतःला स्वतःच कसं घालायचं त्यात?"

रविवारी उदगीरचा खरा मुलगा आला. भला होता. त्याच्या अपेक्षेचा रकाना कोरा कसा, असं नीलम्मानं विचारलं, तर म्हणाला, भरायचा राहिला. मग तोंडी भरला: "घरीच राहणारी हवी." आप्पांनी त्याला प्रेमानं जेवू घातलं, पानसुपारी दिली, आणि तो गेल्यावर म्हणाले, "रुचे, गाळलेल्यात एक वाढव."

पुढचे काही दिवस मी पहिल्यासारखाच जायचो, आता रीतसर परवानगीनं. आणि एका सकाळी तिकडं एकशे अडतिसावं पान दिसलं. नवंकोरं. नाव अमरनाथ, काम साखर कारखान्यात, उंची, शिक्षण, सगळं भरलेलं. अपेक्षेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'गेवराईच्या रुचिकाला विचारतो आहे.' गाळण्यासारखा शब्द नव्हता. मी ते उचललं आणि असा धावत आलो म्हणता! रोजचाच रस्ता मला कधी इतका लांब वाटला नव्हता. पडद्यावर ते पान मांडलं. रुचिकानं वाचलं. परत वाचलं. मग आप्पा यायच्या आत झटकन पडदा बंद केला, उठून दारापर्यंत गेली, परत आली, पडदा सुरू केला, पुन्हा वाचलं. आणि उत्तर माझ्याकडून पाठवलं नाही. मला पानं आणता येतात, नेता येत नाहीत. तिनं सरळ कारखान्यात फोन लावला.

वैशाखात लग्न झालं. आप्पांनी कुलूप आणलंच नाही. कॅफे त्यांनीच चालवायला घेतला; आलेल्या प्रत्येकाला 'गाळलेली स्थळं' ही खालची दुसरी ओळ आधी वाचायला लावतात, असं ऐकतो. मी मात्र एका सीडीत बसून रुचिकाबरोबर कड्याला आलो. तिनं ती वेबसाइट नव्यानं मराठीत बांधली, तळाच्या त्या दोन ओळींसकट. आता तिच्यावर ना झगमगाट, ना इंग्रजी. त्यामुळं माझं काम संपलं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. रोज दहाला जायची सवय होती ना.

आता रुचिका कड्यात मुलींना कॉम्प्युटर शिकवते आणि मी धड्यात आहे. ती मला भिंतीवरच्या फळ्यावर लिहून काढते आणि मुली मला वहीत उतरवतात. त्यांच्यात अंजू म्हणून एक मुलगी आहे. तिचे वडील, बंकट, मेंढ्या घेऊन आठ-आठ महिने गावाबाहेर असतात, आणि पाऊस कुठं पडला ते हातच्या अंदाजानंच ठरवून कळप वळवतात. पावसाची माहिती देणारं एक पान आहे, पण इंग्रजीत, बारीक अक्षरात. अंजूनं मला ओळीनं उतरवलं, नवऱ्या मुलांच्या जागी तालुके घातले, आणि वरच्या ओळीतलं 'रुचिका, गेवराई' खोडून स्वतःचं नाव लिहिलं. संध्याकाळी वडील कुठल्या तरी गावच्या एसटीडीवरून फोन करणार आहेत, त्यांना वाचून दाखवायचंय म्हणते.

माणसांनो, तुमच्यापुढं कुणी नीटनेटकं पान आणून ठेवलं, तर आणणाऱ्याला शाबासकी द्या आणि मागं काय राहिलं तेही विचारा. एवढंच माझं मागणं.

आता गप्प बसतो. शेजारच्या कॉम्प्युटरवर अंजूनं बटण दाबलंय, तिनं उतरवलेली माझी धाकटी पहिल्यांदाच निघालीय. फोनची तार किंचाळायला लागलीय. घाबरू नकोस गं, पोरी, सुरुवातीला ती अशीच ओरडते. वाट मोकळी झाली की जा. दारात गेलीस की पहिलं आपलं नाव सांग.